लाजेचे तीन शब्द

उत्तर थायलंडातल्या आमच्या नाखाम गावात पन्नाशीच्या आतला असा माणूस सापडायचा नाही, ज्याने लमाय बाईंची पट्टी खाल्ली नाही आणि ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी 'लुक', 'सी' आणि 'वॉच' यांतला फरक सांगता येत नाही. आता हा फरक गावाच्या काय कामाचा, असं कुणी विचारलं तर खरं सांगायचं म्हणजे काहीच कामाचा नाही. इथे लिचीसारख्या लोंगन फळाच्या बागा आहेत, निळीत बुडवून वाळत घातलेले सदरे आहेत, आणि नदीकाठी बसून दुसऱ्याच्या संसाराची चौकशी करणं आहे. इंग्रजी बोलणारा माणूस इकडे वर्षाकाठी एखादा, तोही वाट चुकून. पण बाईंनी गावच्या शाळेत उभी हयात इंग्रजी शिकवलं, आणि एकदा त्यांनी शिकवलेलं विसरायची कुणाची छाती नव्हती.

"शब्दांना भावंडं असतात," बाई म्हणायच्या. "तोंडावळा एक, स्वभाव निराळे. एकाला हाक मारायची ती दुसऱ्याला मारलीत, की झाला घोटाळा." मग त्या घरातलंच उदाहरण द्यायच्या. आपण ताटल्या विसळतो, कपडे धुतो, डोक्यावरून न्हातो. कामं तीन, शब्दही तीन. इंग्रज बिचारा तिन्हीला एकच शब्द वापरतो, त्याच्या डोक्याची आणि पातेल्याची गत एकच. पण लाजेच्या बाबतीत तो आपल्याला भारी. आपल्याकडे नव्या नवरीला जी लाज, तीच चोराला. त्याच्याकडे मात्र लाजेचे तीन शब्द.

हे तीन शब्द म्हणजे बाईंचा लाडका धडा. सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा: "शाय, स्वभावाने. एम्बॅरस्ड, चारचौघांत. अशेम्ड, आपलं आपल्याला." गेल्याच महिन्याची गोष्ट, बाजारात शेवयांचा गाडा लावणाऱ्या बुआतोंगच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर रस्सा सांडला. सांडला तो सांडला, वर ती त्याला म्हणते कशी, "काका, मी एम्बॅरस्ड आहे. अशेम्ड नाही, कारण तुम्हीच मध्ये पाय घातलात." बुआतोंग शाळेत वर्गाची मॉनिटर होती. ते पद तिने अजून सोडलेलं नाही.

अशा या लमाय बाईंचं एक गुपित होतं, आणि ते त्यांच्या नवऱ्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. बाई जन्मात कधी कुठल्या फिरंग्याशी एक वाक्य इंग्रजी बोलल्या नव्हत्या.

नवीन नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. सायकलवरून फिरणारा एक फिरंगी वाण्याच्या दुकानापाशी थांबला आणि त्याने बाईंना देवळाची वाट विचारली. देऊळ समोर दिसत होतं. बाईंनी तोंड उघडलं, आणि 'टेल' वापरावं, 'शो' वापरावं की 'डायरेक्ट', या विचारात त्यांची जीभ टाळूला चिकटली. बाई हसल्या, मागे सरकल्या, आणि थेट दुकानाच्या आतल्या खोलीत जाऊन लसणाच्या पोत्यांमध्ये बसल्या. फिरंगी गेला तरी बाहेर येईनात. शेवटी त्यांना हुडकत आलेला वाण्याचा मुलगा दारात उभा राहिला आणि काही न बोलता त्याने त्यांच्यापुढे पाण्याचा गडू धरला. तो इन्खाम. पुढे त्याच्याशीच त्यांचं लग्न झालं. तेव्हापासून या बाबतीत नवराबायकोची अळीमिळी गुपचिळी.

गावात फिरंगी आला की बाईंचं पोट दुखायचं, किंवा देवळात भिक्खूंना काहीतरी नेऊन द्यायचं अगदी निकडीचं निघायचं. इन्खामकाका कधी चिडवायचे, "तू म्हणजे काठावर बसून साऱ्या गावाला पोहायला शिकवलंस."

"गाव पोहतंय ना?" बाई म्हणायच्या. "मग झालं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणून हसायला सोपं आहे. पण बाईंचं वागणं लबाडीचं नव्हतं. त्यांना प्रत्येक शब्दाची खोडी माहीत होती, आणि खोड्या माहीत असलेल्या माणसाला मोकळं बोलणं फार कठीण जातं.

बाईंची एकुलती एक मुलगी फांग, चियांगमाईला इस्पितळात नर्स होती. तिने ग्रेगर नावाच्या स्कॉटिश मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हाही बाईंवर संकट आलं नाही. कारण ग्रेगर आमची भाषा बोलायचा. सूर चुकायचे, आणि आमच्यात सूर चुकला की शब्द बदलतो, त्यामुळे 'जवळ' म्हणायचं तिथे 'दूर' म्हणायचा, पण बोलायचा धबाधबा. बाई त्याच्या चुका काढत बसायच्या आणि मनातून निर्धास्त असायच्या. मग लग्नाच्या आठवडाभर आधी फांगचा फोन आला.

"आई, ग्रेगरची आई परवा येतेय. आपल्याकडेच राहील. एकटीच आहे गं ती, आणि लग्नानंतर आम्ही तिच्या शेजारीच राहणार. तू इंग्रजीची बाई आहेस म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला."

बाईंचा जीव त्याच क्षणी भांड्यातून बाहेर पडला. "राहू दे की," एवढंच त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून घरात नसलेला लसूण सोलायला शोधू लागल्या.

गावाला मात्र आनंदाचं उधाण आलं. गावचे मुखिया सिंगखाम, म्हणजे बाईंच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा सिंगखाम, घरी येऊन सांगून गेले, "बाई, दुसऱ्या गावांना दुभाषे आणावे लागतात. आपल्याला काय धाड भरलीय? आपल्याकडे तुम्ही आहात."

ग्रेगरची आई मोराग आली ती पिकअपमधून, मागच्या मोकळ्या जागेत केळीच्या घडांशेजारी बसून. पुढे बसवलं तर गाव दिसत नाही म्हणाली. उंच, लालबुंद, पिकल्या केसांची बाई. फाटकापाशी अर्धं गाव जमलेलं. ती खाली उतरली, दोन्ही हात जोडले, जरा जास्तच वर कपाळाला लावले, आणि हसून म्हणाली, "हाऊ आर यू?"

झालं. हे ऐकल्यावर आमच्याकडचा माणूस काय करतो, हे तिला कुठून माहीत असणार? आधीच उभी असलेली माणसं ताठ उभी राहिली, वर्गातल्यासारखे हात शरीराला चिकटवले, आणि सगळ्यांनी एका सुरात हेल काढला, "आय अॅम फाइन, थँक यू, अँड यूऽऽ?" त्यात मुखिया होते, बुआतोंग होती, न्हावी होता, आणि ज्याच्या सासूला त्याच दिवशी इस्पितळात नेलं होतं तो खाटीकही होता. सगळे फाइन.

मोराग आधी दचकली, मग पोट धरून हसली. तिला तो प्रकार एवढा आवडला की पुढे रोज सकाळी इन्खामकाका अंगण झाडताना "हाऊ आर यू" म्हणायचे आणि ही पायरीवर ताठ उभी राहून तो हेल जसाच्या तसा काढायची.

बाई पाण्याचा पेला घेऊन पुढे आल्या होत्या. साऱ्या गावाच्या नजरा त्यांच्यावर. बाईंनी पेला दिला, वाकून नमस्कार केला आणि गोड हसल्या. मोराग काहीतरी लांबलचक बोलली. बाईंना त्यातला शब्द न् शब्द कळला. उत्तर म्हणून त्या आणखी गोड हसल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. "बाई दमल्यात," बुआतोंगने गावाला समजावलं.

चार दिवस हेच चाललं. तोंडातून जे निघेना ते बाई ताटात वाढू लागल्या. चिकट भाताची टोपली, भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा, आलं घातलेलं डुकराचं कालवण, शेवया, भोपळ्याची खीर. आता, आमच्याकडे ताटात थोडं उरलं म्हणजे पाहुण्याचं पोट भरलं; ताट स्वच्छ झालं म्हणजे यजमान कमी पडला. मोरागला तिच्या आईने लहानपणी नेमकं उलटं शिकवलेलं: ताटात टाकलं तर वाढणारीचा अपमान. बाई वाढायच्या, ती संपवायची. ती संपवायची म्हणून बाई वाढायच्या. दोघीही हसतमुख. मोरागच्या कपाळावर घाम, आणि बाईंच्या मनात धास्ती, की हिला पुरतं तरी किती.

उलट इन्खामकाका. त्यांना इंग्रजीतलं 'ओके' आणि 'हाऊ आर यू' सोडून काही येत नव्हतं, पण ते मोरागला बागेत न्यायचे आणि आमच्या डोंगरी बोलीत तिला झाडं, कलमं, भावाने बळकावलेला बांध, सगळं सांगायचे. ती तिच्या भाषेत तिच्या मेंढ्यांचं आणि मेलेल्या नवऱ्याचं सांगायची. नवरा मेल्याचं काकांना बरोबर कळलं होतं. कसं कळलं ते त्यांनाही सांगता येईना. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांचं हसणं ऐकायच्या आणि ठेचा जरुरीपेक्षा जास्त कुटायच्या. खरं सांगायचं तर त्यांना हेवा वाटत होता, आणि हेव्यापेक्षा वाईट म्हणजे बोलायचं होतं. लेक परक्या देशात, समुद्राकाठच्या थंडीत जायची होती. तिथे तिला जवळची बाई अशी एकच, आणि ती बाई हाकेच्या अंतरावर बसून लोंगन सोलत होती.

लग्नाच्या आदल्या दुपारी बायका ओट्यावर बसून केळीच्या पानांचा मनोरा वळत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याभोवती बसून जिवाला हाक मारायची असते. माणूस मोठ्या प्रसंगाला निघाला की जीव बिचकतो, इकडेतिकडे भटकतो. त्याला बोलावून परत आणायचं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून घरी ठेवायचा. फांग आईशेजारी येऊन बसली. पान दुमडता दुमडता हळूच म्हणाली, "आई, तुला हे लग्न पसंत नाही का?"

"हे कुणी सांगितलं तुला?"

"मोराग म्हणाली. काल रडली ती. म्हणे, तुझे वडील भाषा येत नसतानाही दिवसभर बोलतात माझ्याशी. तुझ्या आईला भाषा येते आणि ती एक शब्द बोलत नाही. ज्याला येतं आणि तरी जो बोलत नाही, त्याला बोलायचंच नसतं." फांगच्या हातातलं पान फाटलं. "मी काय सांगू गं तिला? मला जन्मभर तिच्यासोबत राहायचंय."

बाईंनी ते फाटकं पान उचलून मांडीवर सरळ केलं. आपण गप्प राहून आपलं झाकतोय असं त्यांना वाटत होतं. इकडे त्या गप्प राहण्याने मुलीच्या नव्या घराची भिंत आधीच तडकली होती. त्याच घडीला लेकीला लसणाच्या पोत्यांची गोष्ट सांगून मोकळं व्हायला काय हरकत होती? पण समोर बुआतोंग बसली होती, न्हाव्याची बायको होती, सगळ्या आपल्या विद्यार्थिनी. बाई म्हणाल्या, "उद्या दोरा बांधताना बोलेन मी तिच्याशी. तुला शब्द देते."

शब्द दिला खरा. संध्याकाळी इन्खामकाकांना म्हणाल्या, "मला उद्या ताप येईल का हो?"

"येईल की," काका म्हणाले. "पण दोरा मुक्याने बांधला तर धरत नाही. आणि तुझ्याऐवजी मी बोललो तर मोरागला वाटेल, बांधाचं भांडण सांगतोय."

सकाळी भिक्खू येऊन मंत्र म्हणून गेले. मग सगळे चटयांवर बसले, वृद्ध शास्त्रीबुवांनी जिवाला हाका मारल्या, डोंगरातून ये, नदीतून ये, बाजारातून ये, आणि दोरे बांधायला रांग लागली. नवरानवरीच्या हातांना आधी, मग व्याहीव्याहिणींच्या. बाई मोरागसमोर गुडघ्यांवर बसल्या. मोरागने हात पुढे केला. बाईंनी मनगटाभोवती दोरा गुंडाळला आणि थांबल्या.

दोरा बांधणाऱ्यानेच आशीर्वाद मोठ्याने म्हणायचा, ही रीत. मध्ये दुभाषा चालत नाही. साऱ्या मांडवाने कान टवकारले. बाईंचं इंग्रजी ऐकायला शेजारच्या गावाहूनही दोघंतिघं आले होते. बाईंच्या डोक्यात शब्दांची भावंडं एकमेकांना ढकलू लागली. 'होप' म्हणावं की 'विश'? 'विश' म्हटलं तर जे होणार नाही ते मागितल्यासारखं. 'वाँट' म्हणजे हट्ट. दोरा बोटांतच राहिला, गाठ पडेना. मोरागचा चेहरा हळूहळू पडत चालला, आणि मागे फांगने मान खाली घातली.

रांगेत बाईंच्या मागे बुआतोंग होती. तिला बाईंचा अडलेला हात दिसला. तिला काय वाटलं देव जाणे. पण वर्गात बाई आल्या आणि सगळं शांत झालं की पुढे काय करायचं, ते तिच्या अंगात भिनलं होतं. ती उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "क्लास, स्टँड अप, प्लीज."

मांडव उठला. मुखिया उठले, खाटीक उठला, गुडघे दुखणारेही उठले. "गुड मॉर्निंग, टीचरऽऽ."

आणि बाईंच्या तोंडून आपसूक, उभ्या हयातीच्या सवयीने, खणखणीत उत्तर आलं, "गुड मॉर्निंग, क्लास. हाऊ आर यू?"

हे म्हणताना त्या मोरागकडे बघत होत्या. मोराग उठून उभी राहिली, मनगटाला लोंबता दोरा घेऊन, आणि गावाच्या सुरात सूर मिसळून म्हणाली, "आय अॅम फाइन, थँक यू, अँड यूऽऽ?"

इथे बाईंनी 'फाइन, थँक यू, सिट डाऊन' म्हणायचं आणि वर्गाने बसायचं, हे ठरलेलं आहे. इथल्या साऱ्या शाळांत ठरलेलं आहे. बाईही उभ्या राहिल्या, मनगट न सोडता, आणि इंग्रजीतच म्हणाल्या, "मी फाइन नाही."

अशी ओळ कुणाच्या पुस्तकात नव्हती.

"मी रागावले नाही," बाई म्हणाल्या. शब्द एकेक येत होते. "लग्न मला आवडतं. तुमचा मुलगा आवडतो. मी शाय." थांबल्या. "पहिल्यांदा मी शाय. मग सगळं गाव बघतं, मी एम्बॅरस्ड. मग तुम्ही रडला. आता मी अशेम्ड."

तीन शब्द, त्याच क्रमाने. मांडवातल्या प्रत्येकाला ते पाठ होते, आणि प्रत्येकाला ते आज पहिल्यांदा कळले. मुखियांनी डोळे पुसले आणि उदबत्तीच्या धुराकडे बघून नाक मुरडलं. फांग आईकडे बघत राहिली. ही बाई आपण ओळखत होतो की नाही, असा तिचा चेहरा झाला होता.

मोरागने मोकळ्या हाताने बाईंचा हात धरला. "मी पण एम्बॅरस्ड," ती म्हणाली. "चार दिवस. इतकं जेवण. मला थांबा म्हणवेना."

"मग संपवलंत कशाला?"

"तुम्ही वाढलंत कशाला?"

समजणारे हसले, आणि त्यांना बघून न समजणारे. मागून खाटकाने त्याच्या जागेवरूनच अख्ख्या संवादाचा अर्थ शेजाऱ्यांना सांगितला, बराचसा बरोबर.

मग बाईंनी दोरा नीट ओढला. गाठ मारताना आशीर्वाद द्यायचा असतो. त्यांनी तो दिला नाही, मागितला. हळू, पण आता न अडखळता बोलल्या.

"माझी मुलगी झोपेत पांघरूण फेकते. थंडी वाजली तर सांगत नाही. बरं नसलं तर सांगत नाही. तुम्ही विचाराल, हाऊ आर यू. ती म्हणेल, आय अॅम फाइन, थँक यू." बाईंनी गाठ आवळली. "विश्वास ठेवू नका. ते मी शिकवलंय तिला. परत विचारा."

मोरागने मान हलवली आणि बाईंना मिठी मारली. आमच्याकडे असं कुणी करत नाही, पण बाईंनी करू दिलं. मग ती वळून फांगपाशी गेली आणि सगळ्यांसमक्ष विचारलं, "हाऊ आर यू?"

फांगचं तोंड उघडलं, हेल अर्ध्यावर आला आणि तिथेच मोडला. ती रडायला लागली. मोरागने परत विचारलं.

बाई डोळे पुसत बघत उभ्या राहिल्या. सगळा मांडवही अजून उभाच होता. बुआतोंगने या पायावरचं वजन त्या पायावर घेतलं. न्हाव्याच्या बायकोने खांबाला पाठ टेकवली. शेवटी मागच्या बाजूने मुखिया सिंगखाम, शाळेत विचारायचे तसेच हात वर करून म्हणाले, "बाई, आम्ही बसू का?"

"सिट डाऊन, प्लीज," बाई म्हणाल्या.

"थँक यू, टीचरऽऽ," असं म्हणून सगळे बसले, आणि इन्खामकाकांनी बाईंपुढे पाण्याचा गडू धरला.